सायक्लोक्रॉस सायकलची गिअर-निवड

चिखल, गवत नि वाळू तुडवत, पायडल चालेना तिथे सायकल खांद्यावर टाकून पळत पुरी करायची शर्यत म्हणजे सायक्लोक्रॉस. तिच्या सायकलीला पुढच्या चेनरिंगवर (पायडलजवळच्या दातेरी चकतीवर) आणि मागच्या कॅसेटवर (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर) किती दाते असावेत, याचा हा विचार. खेळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये रुजला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० पासून होते. तिथे टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही.

सडकेवरच्या शर्यतीतले ५३ दात्यांचे चेनरिंग इथे नुसते ओझे. पूर्वी ४६ आणि ३६ ही जोडी सर्रास असे. आता बरेच जण ३८ ते ४२ दात्यांचे एकच चेनरिंग लावतात. त्याचे दाते एकाआड एक जाड-बारीक असतात, शिवाय मागच्या डिरेलरमधला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेतला, क्लच चेन ताणून धरतो. त्यामुळे दणके बसले तरी चेन सहसा पडत नाही.

हिशेब सोपा आहे. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा घेर. घेर सुमारे २.१ मीटर. पुढे ४० आणि मागे ३२ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.६ मीटर सरकते. ताशी १० किलोमीटरला मिनिटाला ६३ फेरे पडतात. याहून हळू जायची वेळ आली, की उतरून पळणारा बहुधा पुढे निघतो. म्हणून फार हलका गिअर घेऊन फायदा थोडाच. वरच्या टोकाला, पुढे ४० आणि मागे ११ वर, ९० फेऱ्यांना ताशी ४१ किलोमीटर मिळतात. वळणावळणाच्या फेरीत त्याहून जास्त लागतेच कुठे?

सोलापुरात मात्र हा हिशेब मातीपाशी अडतो. इथली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि दिसेल त्याला चिकटते. सप्टेंबरच्या पावसानंतर वाफसा यायच्या आत रानात सायकल घातली, तर थोड्याच अंतरात चाक आणि फ्रेममधली फट बुजते आणि चाक जागीच थांबते. तिथे मागे ३२ काय नि ३६ काय, सायकल खांद्यावरच घ्यायची, अंगावरच्या चिखलासकट. पुढचा डिरेलर असला तर त्यात लगदा बसतो आणि तुराटीची काडी घेऊन खरवडत बसावे लागते. या मातीत एकच चेनरिंग बरे, ते एवढ्यासाठी.

वाफसा आला की तेच रान निराळे होते. माती चिकटत नाही, पण चाकाला ओढ धरते. तेव्हा पुढे ३८, मागे ११ ते ३२ दात्यांची कॅसेट बरी. उन्हाळ्यात मुरमाड माळावर ४२ सुद्धा निभते. ज्वारी निघालेल्या रानात धसकटे असतात. तिथे गिअरआधी टायरची काळजी.

३८ काढून ४२ लावताना चेन साधारण एक इंचाने वाढवावी लागते. ते राहिले आणि मागे सर्वांत मोठ्या चकतीवर गिअर टाकला, तर डिरेलर ताणून मोडू शकतो.