जैविक घड्याळाची जनुके, मधुमेह आणि मेंदू

जैविक घड्याळाची जनुके म्हणजे शरीराची सुमारे २४ तासांची लय पेशीच्या आतून चालवणारा जनुकांचा गट. क्लॉक, बीमाल-१, पर आणि क्राय ही त्यांतली मुख्य नावे. क्लॉक व बीमाल-१ यांची प्रथिने जोडीने पर आणि क्राय ही जनुके चालू करतात. त्यांपासून बनलेली प्रथिने पेशीत साचत जातात आणि पुरेशी साचली की केंद्रकात शिरून त्या जोडीलाच आवर घालतात. पुढे ती झिजून संपतात, आवर सुटतो, फेरी पुन्हा सुरू होते. अशा एका फेरीला जवळपास एक दिवस लागतो.

रोनाल्ड कोनोप्का आणि सीमूर बेन्झर यांनी १९७१ मध्ये फळमाशीत या लयीचे पहिले जनुक हेरले. त्यात बदल झालेल्या एका वाणाचा दिवस १९ तासांचा होता, दुसऱ्याचा २८ तासांचा, तर तिसऱ्याला लयच उरली नव्हती. या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर असते. जेमतेम २० हजार चेतापेशींचा हा पुंजका डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर आपली वेळ लावतो. पण यकृत, स्नायू, स्वादुपिंड यांचीही आपापली घड्याळे असतात, आणि यकृताचे घड्याळ उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेकडे अधिक पाहते. रात्रपाळीत दोन वाजता डबा उघडणाऱ्या परिचारिकेच्या शरीरात मेंदू रात्र म्हणतो आणि यकृत दिवस. ही फारकत हाच साऱ्या विषयाचा गाभा आहे.

तिचा परिणाम साखरेवर कसा होतो हे उंदरांत स्पष्ट दिसले. क्लॉक जनुकात बिघाड असलेले उंदीर लठ्ठ होतात, हे २००५ मध्ये कळले होते. मात्र ते अवेळी खातात म्हणून असे होते, असा आक्षेप घेता येत होता. २०१० च्या प्रयोगाने तो दूर केला. त्यात बीमाल-१ फक्त स्वादुपिंडातून काढून टाकले होते. हे उंदीर वेळेवर झोपत, वेळेवर खात, तरीही त्यांची साखर चढली, कारण स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी ते पुरेसे सोडेनाशा झाल्या. घड्याळ एका अवयवातले बंद पडले तरी मधुमेह होऊ शकतो, हे मला या क्षेत्रातले सर्वांत बोलके निरीक्षण वाटते.

माणसांत पुरावा वेगळ्या वाटेने आला. मेलॅटोनिन या रात्रीच्या संप्रेरकाच्या एका ग्राहीच्या (पेशीवर त्याचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकातला ठरावीक फरक उपाशीपोटीची साखर आणि टाइप-२ मधुमेहाचा धोका वाढवतो, असे २००९ मध्ये आढळले. युरोपीय लोकांप्रमाणेच भारतीय वंशाच्या लोकांतही ते दिसले. त्याच वर्षी अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांना काही दिवस २८ तासांच्या दिनक्रमावर ठेवले गेले, म्हणजे त्यांचे झोपणे-खाणे शरीराच्या घड्याळाशी जुळेनासे झाले. आठांपैकी तिघांची जेवणानंतरची साखर मधुमेहपूर्व पातळीला पोचली. रात्री काही न खाताही सकाळी ग्लुकोमीटरवर आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा अनेक रुग्ण स्वतःलाच दोष देतात. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढ-संप्रेरक वर येतात व यकृत साखर सोडते, तेही याच लयीनुसार. त्यात रुग्णाचा काही गुन्हा नसतो.

मेंदूबाबत चित्र अजून अपुरे आहे. मेंदूतले बीमाल-१ काढलेल्या उंदरांत दाहाची लक्षणे आणि पेशींची झीज दिसते. अल्झायमरशी जोडलेले अमायलॉइड-बीटा हे प्रथिन मेंदूत जागेपणी वाढते आणि झोपेत उतरते. टाइप-२ मधुमेहाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हेही पक्के आहे. पण बिघडलेली लय रोग आणते की रोग लय बिघडवतो? बहुधा दोन्ही. अल्झायमर झालेले आजोबा दिवेलागणीला अस्वस्थ होतात, येरझारा घालतात, स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी सोडा’ म्हणतात. ज्या घरात हे रोज घडते, तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

नेदरलँड्समधील वृद्धाश्रमांत दिवसभर लख्ख उजेड ठेवून पाहिला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील रहिवाशांची बौद्धिक घसरण थोडी मंदावली आणि उदासीही कमी झाली.