सावलीचा रंग कोणता?

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर सकाळी चित्र काढायला बसलं, की पहिला धक्का कोऱ्या कागदावरच बसतो. उन्हात धरलेल्या पेन्सिलीची सावली काळी नसते, चक्क निळसर असते. पटत नसेल तर जाड पुठ्ठ्याला भोक पाडा आणि त्यातून फक्त सावलीचा तुकडा बघा.

सावलीत ऊन पोचत नाही, पण आकाश पोचतं. हवेचे रेणू उजेड विखुरतात तेव्हा कमी तरंगलांबीला, म्हणजे निळ्याकडच्या रंगांना, झुकतं माप देतात. ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड ७०० नॅनोमीटरच्या लाल उजेडाच्या जवळजवळ सहापट विखुरतो. म्हणजे डोक्यावर अख्खा निळा दिवा पेटलेला असतो. ऊन आडवलं की उरतो तो त्याचाच उजेड. दूरचे डोंगर निळे दिसतात तेही याच विखुरण्यामुळे.

मग एरवी हे दिसत का नाही? कारण मेंदू मध्ये पडतो. दूध उन्हात, सावलीत, पिवळ्या बल्बखाली, कुठेही पांढरंच दिसावं म्हणून तो उजेडाचा रंग वजा करून टाकतो. जगायला हे सोयीचं, चित्राला मात्र घातक. घाटाच्या काळ्या पायऱ्या 'काळ्या' म्हणून रंगवल्या की चित्र मेलंच. फोटोवरून काढू म्हणाल, तर फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्सही ती निळाई पुसायलाच बसलेला असतो! म्हणून चित्रकार डोळे किलकिले करून बघतात. बारकावे विरघळतात आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे तेवढे उरतात.

त्यात सूर्य थांबत नाही. तासाला १५ अंश सरकतो. दोन तासांत सावल्या अशा फिरतात, की सुरुवातीचं आणि शेवटचं चित्र एकाच जागेचं वाटू नये. जाणते लोक आधी सावल्या मांडून घेतात आणि मग कितीही मोह झाला तरी हलवत नाहीत. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८९०-९१मध्ये गवताच्या गंजी रंगवताना उलटी युक्ती केली: बरेच कॅनव्हास सोबत ठेवायचे आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. आपल्याकडे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याकडे पुन्हा पुन्हा वळले. एकच तळं इतक्या वेळा का, हा प्रश्न स्टुडिओत बसणाऱ्यालाच पडावा.

एक फसगत मात्र हमखास होते. भर उन्हात कागदावर एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असतो, घरात ट्यूबलाइटखाली जेमतेम काही शे. उन्हात चित्र झगझगीत दिसतं, म्हणून हात आपोआप गडद रंगाकडे जातो आणि घरी आल्यावर सगळं मळकट निघतं. उपाय साधा, कागद सावलीत ठेवायचा. मी त्यासाठी एकदा छत्री नेली, पण लाल. तिच्या लालसर उजेडात रंग समोरच्या घाटाशी तंतोतंत जुळले होते, कारण चित्रातला लाल ती छत्रीच पुरवत होती. घरी येऊन बघतो तर घाट, नदी, देऊळ, सगळं हिरवट.