आप्पे, आंबोळी आणि मफिन : एका रात्रीच्या आंबवणीची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी घर ज्यांना आप्पे म्हणते, त्यांनाच शेजारचे कन्नड घर पड्डू म्हणते. पीठही तेच आणि खळग्यांचे बिडाचे पात्रही तेच. बेकरीतल्या मफिन आणि पॅनकेकची चर्चा याच पात्रापासून सुरू व्हावी असे मला वाटते.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात डाळींपासून केलेल्या धोसकाचे वर्णन आहे, आणि त्या काळी बेळगावचा मुलूख याच घराण्याच्या सत्तेखाली होता. डोसा किंवा धिरडे आपल्या भागात कालपरवा आलेले नाही.

युरोपात पॅनकेक उपवासाशी जोडला गेला. लेंटचे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासाचे, व्रत लागण्यापूर्वी घरातील अंडी, दूध, लोणी संपवण्यासाठी तो केला जाई. रशियात त्याच सुमारास मास्लेनित्साच्या सणाला ब्लिनी हे पातळ पॅनकेक होतात. इथिओपियातील इंजेरा टेफ या बारीक धान्याचे पीठ आंबवून करतात आणि तिची जाळी पाहताच आंबोळी आठवते. डेन्मार्कचे एब्लेस्किव्हर तर आपल्या आप्पेपात्रासारख्याच खळग्यांत घालतात आणि कडेने सळी फिरवून उलटतात.

इंग्लंडमधील जुना मफिन यीस्टने फुगवलेला, चपटा आणि तव्यावर भाजलेला असे. १८४३ मध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली. पुढे अशा पावडरींमुळे पीठ फुगण्याची वाट पाहणे संपले आणि कपाच्या आकाराचा गोड अमेरिकी मफिन घरोघरी झाला.

पोषणाचा खरा फरक मात्र त्या वाट पाहण्यातच आहे. तांदळात कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) उडीद पुरवतो, उडदात कमी असलेले मेथिओनिन हे अमिनो आम्ल तांदूळ पुरवतो, आणि रात्रभर वाढणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू धान्यातील खनिजे अडवून ठेवणारे फायटेट कमी करतात, त्यामुळे लोह आणि जस्त अंगी लागते. नेहमीच्या मफिनमध्ये कोंडा काढलेला मैदा, भरपूर साखर आणि लोणी असते. त्यात नाचणी घातली, तर नाचणीच्या १०० ग्रॅम पिठामागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. पण नाचणीत ग्लुटेन नसल्याने तिला अंड्याची किंवा उडदाची जोड लागते.

खानापूरच्या पावसाळ्यात पीठ लवकर आंबत नाही, म्हणून पातेले झाकून चुलीच्या उबेला ठेवतात. सकाळी पीठ काठापर्यंत चढलेले दिसले की मगच पात्र तापत ठेवतात.