दोन बोटांची चाचणी

लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या योनिमार्गात दोन बोटे घालून त्याची शिथिलता अजमावायची, योनिपटल (योनिमुखावरील पातळ पडदा) फाटले आहे का आणि ती फाट जुनी की ताजी हे नोंदवायचे, आणि त्यावरून तिला ‘संभोगाची सवय’ आहे किंवा नाही असे मत द्यायचे, अशी भारतीय न्यायवैद्यक व्यवहारात दीर्घकाळ रूढ असलेली पद्धत. ‘टू फिंगर टेस्ट’ या नावानेही ती ओळखली जाते. उपचारासाठी आवश्यक असेल तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ करतात ती आंतरतपासणी वेगळी. तसेच कंजारभाट समाजातील विवाहानंतरच्या कौमार्य परीक्षेशीही तिची गल्लत करू नये. ती परीक्षा जातपंचायतीच्या अधिकारातली होती. प्रस्तुत चाचणी मात्र सरकारी रुग्णालयात, छापील नमुन्यावर होत असे.

उगम : या चाचणीचे जनकत्व बहुधा लेओन-आंरी थ्वानो (1858–1915) या फ्रेंच न्यायवैद्यकतज्ज्ञाला दिले जाते. लैंगिक गुन्ह्यांवरील त्याच्या 1898 च्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 1911 मध्ये प्रसिद्ध झाला. योनिपटल लवचिक असल्यामुळे संभोगानंतरही ते अभंग राहू शकते. अशा ‘खोट्या कुमारिका’ ओळखता याव्यात, हा त्याच्या विवेचनाचा रोख असल्याचे मानले जाते. काही लेखांत चाचणीचा काळ ‘अठरावे शतक’ असा दिलेला आढळतो. थ्वानोच्या हयातीचा काळ पाहता तो त्याच्याशी जुळत नाही.

एका ग्रंथकारावर सारा भार टाकण्यापेक्षा वासाहतिक न्यायवैद्यकाची घडणच तपासावी, असे मानणारा दुसरा पक्ष आहे. बलात्काराचा आरोप करणे सोपे आणि खोडून काढणे कठीण, हे मॅथ्यू हेल या सतराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीशाचे मत ब्रिटिश भारतातील कायद्याबरोबर आले. नॉर्मन चेव्हर्स याच्या 1856 च्या बंगालविषयक न्यायवैद्यक ग्रंथापासून एतद्देशीयांच्या तक्रारींवरील अविश्वासाला वैद्यकाचाही आधार मिळू लागला. फिर्यादीचा शब्द संशयास्पद ठरल्यावर तिच्या शरीराकडेच पुरावा मागितला जाणे ओघाने आले. जयसिंग प्रभुदास मोदी यांचे न्यायवैद्यकावरील पाठ्यपुस्तक 1920 मध्ये निघाले. त्याच्या पुढील आवृत्त्या डॉक्टर, वकील व न्यायाधीश या तिघांच्याही हाताशी राहिल्या. हा दुसरा पक्ष अधिक समाधानकारक वाटतो. कारण चाचणी कोणी शोधली यापेक्षा ती इतकी का टिकली, याचा उलगडा त्यातून होतो.

शरीरशास्त्रीय बाजू : योनिपटलाचा आकार, जाडी व लवचिकता व्यक्तिपरत्वे भिन्न असते. संभोगाशिवाय अन्य कारणांनीही ते फाटू शकते आणि संभोगानंतरही अभंग राहू शकते. योनिमुखाच्या रुंदीवरून लैंगिक पूर्वानुभव कळत नाही. कळला तरी तक्रारीतील घटनेला संमती होती का, याचे उत्तर त्यातून निघत नाही. तपासणाऱ्याच्या बोटांची जाडी हा मुद्दा तर गंभीर चर्चेत क्वचितच येतो, पण मोजमापाचे साधनच जेथे प्रमाणित नाही तेथे निष्कर्षाला शास्त्रीय म्हणणे अवघड आहे. शरीरावर जखमा नसणे हेही अत्याचार न झाल्याचे लक्षण नव्हे : भीतीने शरीर गोठणे, धमकी, गुंगीचे औषध किंवा तपासणीला झालेला उशीर अशी त्याची अनेक कारणे असतात.

न्यायालयीन वाटचाल : तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला या संदर्भात महत्त्वाचा. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची ही तक्रार. वैद्यकीय अहवालात योनिपटलाच्या जुन्या फाटी आणि दोन बोटे सहज जात असल्याची नोंद होती. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर यांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र आणि त्यानंतरचे आंदोलन यांतून 1983 ची कायदादुरुस्ती झाली. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यांत संमती नसल्याचे गृहीतक तिने आणले. चाचणीला मात्र हात लावला नाही. फिर्यादी स्त्रीच्या ‘अनैतिक चारित्र्या’वर बोट ठेवण्याची मुभा देणारे पुरावा कायद्याचे कलम 155 (4) वगळले गेले ते 2002 च्या दुरुस्तीने. तरीही जून 2010 मध्ये महाराष्ट्र शासनाने काढलेल्या तपासणी-नमुन्यात किती बोटे जातात हा रकाना होताच.

त्याच सुमारास सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांच्या, अत्याचारपीडितांच्या वैद्यकीय तपासणीवरील अहवालाच्या आधारे नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. मुंबईत ‘सेहत’ ही आरोग्यविषयक संशोधन करणारी संस्था 2008 पासून महापालिकेच्या रुग्णालयांत पर्यायी पद्धत राबवीत होती. जानेवारी 2013 मध्ये, दिल्लीतील डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने चाचणी बंद करण्याची शिफारस केली. एप्रिल 2013 मध्ये लिल्लू विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. ऑक्टोबर 2022 मध्ये, झारखंडातील एका खटल्यात, ती करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

सध्याची पद्धत : केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पीडित व्यक्तीवर उपचार करणे हे डॉक्टरचे पहिले काम. त्यासाठी एफआयआरची अट नाही. तपासणी, पुरावा-संकलन व पोलिसांना कळवणे या प्रत्येक बाबतीत संमती स्वतंत्रपणे विचारायची असते, आणि नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. (18 वर्षांखालील व्यक्तीबाबत ‘पॉक्सो’ या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मोठ्यांच्या प्रकरणातील संमती व ही सक्ती यांचा मेळ डॉक्टरांना रोज घालावा लागतो.) एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस द्यायची असतात, गर्भधारणा टाळण्याच्या गोळ्याही जितक्या लवकर तितक्या परिणामकारक. खासगी रुग्णालयानेही मोफत उपचार देणे बंधनकारक असून ते नाकारणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 200 नुसार शिक्षापात्र आहे. डॉक्टरने ‘बलात्कार झाला’ किंवा ‘झाला नाही’ असा निवाडा द्यायचा नसतो. सांगितलेली हकीकत तिच्याच शब्दांत टिपणे, दोषारोप होईल असे प्रश्न न विचारणे आणि घरी परतणे सुरक्षित आहे का याची चौकशी करणे, या गोष्टी सूचनांत पुराव्याइतक्याच महत्त्वाच्या मानल्या आहेत. अर्थसाहाय्य व पुनर्वसनासाठी महाराष्ट्रात 2013 पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. पुरुष व तृतीयपंथी पीडितांचा विचार 2014 च्या सूचनांत आहे, मात्र रुग्णालयांतील प्रत्यक्ष अनुभवाची नोंद झालेले लेखन तुरळक.

अभ्यासक्रम : नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 2019 मध्ये ‘कौमार्याची लक्षणे’ हा भाग वैद्यकीय अभ्यासक्रमातून वगळण्याचा निर्णय घेतला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या ऑगस्ट 2024 च्या अभ्यासक्रमात योनिपटल व कौमार्य हे विषय जुन्या स्वरूपात परतले होते. टीकेनंतर सप्टेंबरच्या आरंभीच तो मागे घेण्यात आला.