नागीण

नागीण : कांजिण्यांच्या विषाणूमुळे मज्जातंतूंत उद्भवणारा व त्वचेवर पुरळाच्या रूपाने दिसणारा विकार. शरीराच्या एकाच बाजूस, बहुधा छाती, पाठ वा कंबर येथे, पट्ट्यासारख्या जागेत पाणीदार फोडांचे पुंजके उठतात व तेथे जळजळीत वेदना होते. वैद्यकीय नाव हर्पीझ झोस्टर. सोलापुरात मराठी घरांत नागीण, कानडी घरांत सर्पसुत्तू, तर पूर्व भागातील तेलुगू विणकर वस्तीत सर्पी म्हणतात.

प्राचीन उल्लेख : आयुर्वेदीय ग्रंथांतील नेमका कोणता रोग म्हणजे नागीण, याविषयी एकमत नाही. एक मत ती विसर्पात, म्हणजे त्वचेवर पसरत जाणाऱ्या दाहक रोगात, घालते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात २१ वा अध्याय विसर्पाचा असून त्यात विसर्पाचे सात प्रकार सांगितले आहेत. अनेक वैद्य आजही नागिणीवर विसर्पाचीच चिकित्सा योजतात. दुसरे मत ती कक्षा या रोगाशी जुळवते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये कक्षेचे वर्णन येते : बाहू, कूस, खांदा व काख या ठिकाणी पित्तप्रकोपाने उठणारे काळसर, वेदनायुक्त फोड. चरकसंहितेत शोथाच्या (सुजेच्या) अध्यायात (चिकित्सास्थान, अध्याय १२) कक्षा पित्त व वात यांपासून होते आणि तिचे फोड यज्ञोपवीतासारखे उठतात, असे म्हटले आहे. एका खांद्यावरून तिरपी उतरणारी जानव्याची रेघ आणि छातीच्या एका मज्जातंतूच्या क्षेत्रात उठलेले पुरळ यांतील साम्य लक्षणीय आहे. याउलट विसर्पाचे सर्वत्र पसरणे, तीव्र ज्वर व घातकता ही लक्षणे त्वचेच्या जंतुजन्य दाहाशी अधिक जुळतात. त्यामुळे कक्षा हीच ओळख अधिक ग्राह्य वाटते.

या वर्णनाचा काळ मात्र सावधपणे सांगावा लागतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील १७ अध्याय दृढबल या नंतरच्या संस्कर्त्याने पूर्ण केले. ते १७ कोणते, यावर टीकाकारांत मतभेद आहेत. टीकाकार चक्रपाणीची परंपरा मानल्यास विसर्पाचा अध्याय मूळ संहितेचा व शोथाचा दृढबलाचा ठरतो. तसे असल्यास जानव्याची उपमा इ. स. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराची म्हणावी लागेल, कारण दृढबलाचा काळ सामान्यतः तोच धरतात. अध्यायांचा दुसरा क्रम स्वीकारल्यास ती त्याहून जुनी ठरते.

कारण : कांजिण्या व नागीण यांचा संबंध प्रथम हंगेरीतील बालरोगतज्ञ यानोश बोकाई यांच्या लक्षात आला. घरात कोणास नागीण झाली की काही दिवसांनी मुलांना कांजिण्या येतात, हे त्यांनी १८८८ च्या सुमारास पाहिले व पुढे प्रसिद्ध केले. १९०० मध्ये हेड व कँबेल या डॉक्टरांनी शवविच्छेदनांवरून नागिणीचे मूळ पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी मज्जागंडिकेत (स्पर्श-वेदना वाहणाऱ्या मज्जापेशींच्या गाठीत) असल्याचे दाखवले आणि कोणत्या मज्जातंतूचे त्वचेवर कोणते क्षेत्र, याचा नकाशा सिद्ध केला. १९५० नंतरच्या दशकात विषाणुशास्त्रज्ञ टॉमस वेलर यांनी दोन्ही रोगांतून विषाणू वाढवून ते एकच असल्याचे सिद्ध केले. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू गंडिकांमध्ये सुप्त राहतो. वयोमानाने वा आजाराने प्रतिकारशक्ती उतरली की तो जागा होऊन मज्जातंतूतून त्वचेपर्यंत येतो. हे स्पष्टीकरण इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर येथील होप-सिंप्सन या डॉक्टरांनी १९६५ मध्ये सविस्तर मांडले. कांजिण्यांच्या मुलांशी वारंवार संपर्क आल्याने मोठ्यांचे संरक्षण ताजे राहते, असेही त्यांनी सुचवले होते. हा भाग अद्याप वादाचा आहे. असा परिणाम असला तरी तो आयुष्यभर पुरत नाही असे दिसते.

नागीण झालेल्याकडून दुसऱ्यास नागीण होत नाही. मात्र ज्यास कांजिण्या आलेल्या नाहीत व लसही मिळालेली नाही, त्यास फोडांतील द्रवाच्या संपर्काने कांजिण्या होऊ शकतात. घरातील गरोदर स्त्री व तान्हे मूल यांना म्हणून जपावे लागते. फोडांवर खपली धरली की हा धोका संपतो.

लक्षणे व समजुती : पुरळापूर्वी दोन-तीन दिवस नुसतीच वेदना असते. ती छातीत असल्यास हृदयविकार, कुशीत असल्यास मुतखडा, पाठीत असल्यास लचक समजली जाते. नंतर लाल पट्टा, त्यावर फोड, साधारण ७ ते १० दिवसांत खपली आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा पूर्ववत, असा क्रम असतो. नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास डोळा धोक्यात असण्याचा संभव मोठा असतो व नेत्रतज्ञाकडे त्याच दिवशी जावे. कानात फोड येऊन चेहऱ्याचा एक भाग लुळा पडणे हा वेगळा, तितकाच तातडीचा प्रकार होय.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि अंगावर उठणारी प्रत्येक गोष्ट ‘उष्णते’च्या खाती जमा होते. नागीणही त्यास अपवाद नाही. या रोगाचा हवेतील उष्णतेशी ठाम संबंध दिसून आलेला नाही. वय हेच मुख्य कारण. मधुमेह, कर्करोगावरील उपचार, स्टेरॉइडचा दीर्घ वापर व एचआयव्ही यांमुळे ती लवकर गाठते. तरुणास नागीण झाल्यास एचआयव्हीची तपासणी करून घेणे योग्य असते. शासकीय रुग्णालयांत ती मोफत होते.

कंबरेभोवती वेढा पूर्ण होऊन नागिणीची दोन तोंडे मिळाली की माणूस जातो, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. संवेदी मज्जातंतूंचे क्षेत्र शरीराच्या मध्यरेषेशी थांबते, म्हणून वेढा बहुतेक कधीच पुरा होत नाही. दोन्ही बाजूंना वा अंगभर पुरळ उठणे हे प्रतिकारशक्ती फार खालावल्याचे चिन्ह असते व धोका त्या मूळ स्थितीचा असतो. गेरू लावणे, मंत्र घालून नागीण उतरवणे हे उपाय या भीतीतूनच टिकले आहेत. पुरळ आपोआप ओसरत असल्याने यश उपायाच्या नावे जाते. मंत्राने त्वचेस इजा नाही, पण तो घालणाऱ्याकडील खेपांत जे दोन-तीन दिवस जातात तेच उपचाराचे दिवस असतात. हे नुकसान नंतर भरून निघत नाही.

उपचार : ॲसायक्लोव्हिर ८०० मिग्रॅ. दिवसातून पाच वेळा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम तीन वेळा, सात दिवस, ही प्रौढांची नेहमीची मात्रा. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरुवात व्हावी. नवे फोड येतच असतील वा डोळा गुंतला असेल तर त्यानंतरही औषध देतात. ही औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पाणी भरपूर पिणे म्हणूनच महत्त्वाचे, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णास मात्रा कमी करावी लागते. फोड फोडू नयेत. गेरूच्या लेपाखाली पू धरला तरी दिसत नाही. वांगे, शेंगदाणा, तिखट वर्ज्य करण्याच्या पथ्यास आधार नाही, आणि वृद्ध रुग्ण नुसत्या भाताच्या पेजेवर राहिल्यास अशक्तपणा वाढतो.

नागिणीनंतरची वेदना : पुरळ गेल्यावरही तीन महिन्यांपुढे टिकणारी वेदना ही या रोगाची खरी शिक्षा होय. रुग्णांपैकी साधारण १० ते १८ टक्क्यांना ती होते व वयाबरोबर हे प्रमाण वाढते. मज्जातंतू दुखावल्याने साधा स्पर्शही भाजल्यासारखा लागतो. जाड सोलापुरी चादर अंगावर घेववत नाही, सदऱ्याची शिवण टोचते, झोप मोडते. जुने, धुऊन मऊ झालेले सुती कापड त्यातल्या त्यात सहन होते. विडी वळणाऱ्या स्त्रीला मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास वाकून बसावे लागते आणि मजुरी हजार विड्यांमागे मिळते. कंबरेच्या नागिणीने तिची मजुरी थेट बुडते. यंत्रमागावर उभ्याने पाळी करणाऱ्याचीही तीच अवस्था. बाहेरून काही दिसत नसल्याने घरच्यांना दुखणे खोटे वाटते, तसे ते नसते. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन व लिडोकेनच्या पट्ट्या यांनी ती कमी होते, पूर्ण जातेच असे नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या येथे फारशा चालत नाहीत, व त्या महिनोन्‌महिने घेतल्याने मूत्रपिंडास अपाय संभवतो.

लस : पहिली लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची होती (अमेरिकेत मान्यता २००६). हा विषाणू जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये कांजिण्यांसाठी तयार केलेल्या ओका वाणाचा. साठ वर्षांवरील ३८,५४६ जणांच्या चाचणीत तिने नागीण सुमारे ५१ टक्क्यांनी व नंतरची वेदना सुमारे ६७ टक्क्यांनी कमी केली. २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या शिंग्रिक्स या लशीत जिवंत विषाणू नसून त्याचे एक प्रथिन व प्रतिकारशक्ती चेतवणारे सहायक द्रव्य असते. पन्नाशीपुढील लोकांच्या चाचणीत तिची परिणामकारकता ९७ टक्के, तर सत्तरीपुढे सुमारे ९० टक्के आढळली. भारतात ती २०२३ पासून मिळते. मात्रा दोन, दंडात, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने.

शासकीय लसीकरण कार्यक्रमात ती नाही. खर्च स्वतःचा व मोठा. निर्णय म्हणून पैशाशी येऊन थांबतो. पन्नाशीपुढे मधुमेह असलेल्यांनी व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू होणार असलेल्यांनी प्रथम विचार करावा. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांना १८ वर्षांपुढेही ती देतात. लहानपणी कांजिण्या आल्याचे आठवत नसले तरी चालते. नागीण होऊन गेलेल्यासही ती पुन्हा होऊ शकते, म्हणून पुरळ पूर्ण बरे झाल्यावर लस घेता येते. चालू नागिणीवर किंवा जडलेल्या वेदनेवर ती उपचार नव्हे. दंड दुखणे, अंगदुखी, थकवा व ताप दोन-तीन दिवस राहतात. रोजंदारीवरील व्यक्तीने ते धरूनच दिवस निवडावा. गिलाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकार होण्याची अत्यल्प जोखीम नोंदली गेली आहे.

वेल्समध्ये २ सप्टेंबर १९३३ या जन्मतारखेवरून जुन्या लशीची पात्रता ठरवली गेली होती. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या वृद्धांची तुलना करून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी आढळला, स्त्रियांत परिणाम अधिक. निष्कर्ष लक्षवेधी आहे. परंतु तो जुन्या लशीचा असल्याने लस घेण्याचे मुख्य कारण आजही नागीण व तिच्यामागून येणारी वेदना टाळणे हेच राहते.