नॅनो प्लांटेड टँक

गोड्या पाण्यातल्या वनस्पतींना मुख्य स्थान आणि जलचरांना दुय्यम स्थान असलेली अगदी छोटी काचेची टाकी म्हणजे नॅनो प्लांटेड टँक. ‘नॅनो’ कुठे संपते याचा ठाम नियम नाही. साधारण ४० लिटरच्या आतल्या टाकीला हा शब्द लावतात. मेजाच्या कोपऱ्यावर मावते म्हणून नवशिके हिच्यापासून सुरुवात करतात. खरे तर १०० लिटरची टाकी सांभाळणे हिच्यापेक्षा सोपे.

कारण पाण्याच्या मापात आहे. ३० × २० × २० सेंमीची टाकी १२ लिटरची म्हणून मिळते. तळाशी ४ सेंमी माती घातली आणि वर ३ सेंमी काठ मोकळा सोडला, की पाण्याची उंची उरते १३ सेंमी, म्हणजे ७.८ लिटर. दगड-लाकडाची जागा वजा केली तर जेमतेम ७. एक श्रिंप (छोटी कोळंबी) मरून कुजला, तर १०० लिटरच्या तुलनेत इथे अमोनियाची तीव्रता सुमारे चौदापट होते. खत आणि औषधाचे मापही १२ लिटरवर नव्हे, या ७ लिटरवर काढायचे असते. डोस चुकतो तो बहुधा इथेच.

वनस्पतींच्या भरवशावर टाकी चालवण्याची कल्पना जुनी आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवल्याचा प्रयोग मांडला. झाडाची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या आणि घडी बसली. आजच्या टाक्यांच्या रूपावर मात्र जपानच्या ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांची छाप आहे. दगड, लाकूड आणि झाडे यांतून निसर्गदृश्य रचण्याची त्यांची ‘नेचर ॲक्वेरियम’ शैली जगभर पसरली. शेवाळ खाणारा आमानो श्रिंप त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

उभारणी कोरड्या टाकीत सुरू होते. जागा सपाट हवी आणि थेट उन्हातली नको. तळाला ॲक्वासॉइल म्हणजे भाजलेल्या मातीचे दाणे, किंवा धुतलेली बारीक खडी आणि मुळांजवळ खताच्या गोळ्या. माती पुढे उतरती आणि मागे चढती ठेवली की एवढ्याशा टाकीलाही खोली येते. दगड आणि लाकूड आधी बसवायचे, मग माती जेमतेम भिजेल एवढेच पाणी घालून लांब चिमट्याने झाडे रोवायची. भरलेल्या टाकीत रोवलेली झाडे उपटून वर येतात. उरलेले पाणी बशीवर किंवा प्लास्टिकच्या तुकड्यावर सावकाश ओतायचे, नाहीतर तासभर बसवलेला उतार मिनिटात सपाट होतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असेल तर ते आधी काढावे लागते. क्लोरामाइन पाणी नुसते उघडे ठेवून सहजी जात नाही, त्याला डिक्लोरिनेटर म्हणजे क्लोरीन काढणारे रसायनच लागते.

अनुबियास नाना, जावा फर्न, बुसेफॅलँड्रा ही सावकाश वाढणारी, कमी उजेडात तगणारी झाडे. त्यांचे आडवे जाड खोड मातीत पुरले की कुजते, म्हणून ते दोऱ्याने किंवा सायनोॲक्रिलेट गोंदाच्या थेंबाने दगडाला चिकटवतात. क्रिप्टोकोरिनची पाने नव्या टाकीत आठवडाभरात विरघळल्यासारखी होतात. झाड मेले समजून उपटू नये. मूळ शाबूत असेल तर नवी पाने फुटतात. नर्सरीत बरीच झाडे पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यामुळे ही पानगळ इतरही जातींत दिसते. अशा मंद झाडांसोबत सुरुवातीला एखादे झपाट्याने वाढणारे, शक्यतो तरंगणारे झाड ठेवावे. ते अमोनिया थेट शोषून घेते आणि उजेडाचा मारा कमी करते.

खरी कसोटी पुढच्या चार ते सहा आठवड्यांची. जलचरांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि कुजणारी पाने यांतून अमोनिया तयार होतो. सूक्ष्मजीवांचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी. नायट्रेट बरेच सौम्य आणि झाडांचे खाद्य. हे सूक्ष्मजीव पाण्यात फारसे नसतात, फिल्टरच्या स्पंजवर आणि मातीत वस्ती करतात. म्हणून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही. नवे ॲक्वासॉइल स्वतःच पहिले काही आठवडे अमोनिया सोडते. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग शून्य येईपर्यंत टाकीत कोणताही जीव सोडत नाहीत. याच काळात काचेवर तपकिरी थर धरतो. तो बहुधा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो, पुसला की जातो आणि टाकी जुनी होते तसा येणे थांबतो. नेमके तेव्हाच अनेक जण कंटाळून टाकी मोडतात.

दिवा सुरुवातीला रोज सहा तास पुरतो, पुढे फार तर आठ. टायमर लावला की विसरण्याचा प्रश्न उरत नाही. बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडण्याची गरज वर सांगितलेल्या झाडांना नाही, आणि सात लिटरमध्ये तो जास्त झाला तर श्रिंप गुदमरतात.

आठ-दहा लिटरमध्ये चेरी श्रिंप आणि गोगलगायी, बस. श्रिंप असतील तर तांबे असलेली औषधे वापरता येत नाहीत. पंधरा-वीस लिटरपासून चिली रासबोरासारख्या दोन सेंमीच्या माशांचा छोटा थवा शक्य होतो. बेट्टा, म्हणजे फायटर, बरणीत जगतो हा समज त्याच्या हवा घेण्याच्या क्षमतेवरून आला. पण हवेतून श्वास घेतल्याने पाण्यातला अमोनिया कमी होत नाही. गोल्डफिश कोणत्याही नॅनो टाकीत नको.

थोडे पाणी लवकर तापते आणि लवकर गारही होते. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. रात्री झाडेही तोच वापरतात. त्यामुळे उष्ण दिवसांत जीव पहाटे पृष्ठभागाशी गोळा झालेले दिसले, तर फिल्टरचा प्रवाह वर वळवून पाणी हलते ठेवतात.

आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचे, म्हणजे दोनेक लिटर. नवे पाणी टाकीतल्याच तापमानाचे असावे. पाण्याची पातळी घटते ती निराळी बाब: वाफ होऊन पाणी जाते, क्षार मागे राहतात. ही तूट रोज नळाच्या पाण्याने भरली तर क्षार साचत जातात आणि काचेवर पाण्याच्या रेषेत पांढरा पट्टा उमटतो. म्हणून बाष्पीभवनाची भरपाई डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्याने करतात आणि पाणी बदलताना मात्र क्षार असलेले नेहमीचे पाणी घालतात.