मुरघासाच्या कुरणाचा खंड

स्वतःच्या मालकीचे गवताळ रान दुसऱ्या शेतकऱ्याला गवत कापून त्याचा मुरघास (हवाबंद आंबवून टिकवलेली ओली वैरण) करण्यापुरते, बहुधा एका हंगामासाठी, वापरायला देताना त्याचा मोबदला ठरवण्याची रीत. ती मुख्यतः आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये रूढ आहे. तेथील दमट, थंड हवेत रायग्रास जातीचे गवत भरघोस वाढते, परंतु ते वाळवण्याइतके ऊन सलग मिळण्याची खात्री नसते. त्यामुळे हिवाळ्यात गोठ्यात बांधलेल्या जनावरांसाठी वाळल्या वैरणीपेक्षा मुरघासावरच भिस्त ठेवावी लागते. या मोबदल्याला व्यवहारात जमिनीचे भाडे म्हणत असले, तरी त्यात तीन निरनिराळ्या वस्तूंची किंमत मिसळलेली असते: जागेचा वापर, उभे गवत आणि गवताबरोबर शेताबाहेर जाणारी अन्नद्रव्ये. दरावरून होणारे बहुतेक तंटे या तिन्हींची फोड न केल्यामुळे उद्भवतात.

हंगामी करारामागे कायद्याचा इतिहास आहे. आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात मजूर कुटुंबे एका हंगामापुरती बटाट्याची जमीन घेत असत. या पद्धतीला 'कोनेकर' हे नाव होते आणि अल्पकालीन खंडाला आजही तोच शब्द वापरतात. १८८१ च्या जमीन कायद्याने कुळांना रास्त खंड आणि कसण्याची शाश्वती दिली. त्यानंतर असे हक्क निर्माण होऊ नयेत, म्हणून ११ महिन्यांचा करार मालकांच्या सोयीचा ठरला. 'कूळ लागण्याची' धास्ती महाराष्ट्रात ज्यांनी घरातच ऐकली आहे, त्यांना यामागची मानसिकता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. इंग्लंड व वेल्समध्ये १९८६ च्या कृषी धारणा कायद्याने वर्षातील ठरावीक काळापुरत्या चराईच्या किंवा गवतकापणीच्या करारांना कूळसंरक्षणातून वगळले होते; १९९५ च्या कायद्याने नव्या प्रकारचे भाडेपट्टे आल्यावर या पळवाटेची निकड कमी झाली. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यात अशा करारासाठी कमाल मुदत ३६४ दिवसांची आहे, म्हणजे वर्षाला नेमका एक दिवस कमी.

दर ठरवण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत ढोबळ पद्धत म्हणजे एकरी ठोक रक्कम. आयर्लंडमध्ये सरकारी कागदपत्रे हेक्टरमध्ये असली, तरी बोलणी एकरातच होतात आणि गवत कापून देणारे यंत्रधारक कंत्राटदारही बहुधा एकरी दरच सांगतात. येथे पहिला प्रश्न एकर कोणता हा असतो. नकाशावरील क्षेत्रात झुडपांचे रुंद बांध, पाणथळ कोपरे, विजेचे खांब आणि वाट यांचाही समावेश असतो, परंतु कापणीयंत्र तेथे फिरत नाही. त्यामुळे जाणता शेतकरी नकाशावरील क्षेत्राचे नव्हे, तर प्रत्यक्ष कापता येणाऱ्या क्षेत्राचे पैसे देण्याचा आग्रह धरतो. फाटकाची रुंदी, रानातील दगड आणि गोठ्यापासूनचे अंतर यांचाही दरावर परिणाम होतो; कारण ओल्या गवताच्या वजनात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणीच असते आणि प्रत्येक जादा किलोमीटरला ते पाणी वाहून न्यावे लागते.

म्हणूनच गवताचे मोल ओल्या वजनावर न करता त्यातील शुष्क पदार्थावर, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या भागावर, करणे अधिक न्याय्य ठरते. चांगल्या, वेळेवर खत दिलेल्या रायग्रासच्या पहिल्या कापात हेक्टरी सुमारे ५ टन शुष्क पदार्थ मिळतो. सुमारे १.२ मीटर व्यासाच्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गोल गासडीत ओलाव्यानुसार साधारण १८० ते २५० किलो शुष्क पदार्थ असतो, म्हणजे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गासड्यांतील खाद्य एकसारखे नसते. गासडीमागे दर ठरवला, तर मालकाला उत्पन्नात वाटा मिळतो आणि अपयशाची जोखीमही दोघांत विभागली जाते. मात्र गासड्या सैल बांधल्या की संख्या वाढते आणि घट्ट बांधल्या की घटते, हे दोघांनाही ठाऊक असते. कापणीची तारीख हाही किमतीचाच भाग आहे. गवताला तुरे येऊ लागल्यावर त्याची पचनीयता आठवड्याला सुमारे ३ टक्के-अंकांनी घसरते. वजन मात्र वाढत राहते. परिणामी एकरी दराने रान घेणाऱ्याला उशिरा कापण्याचा मोह होतो. मालकाला पुढच्या वाढीसाठी रान लवकर मोकळे हवे असते, आणि वसंतात त्याने मेंढ्या किती दिवस चारल्या, म्हणजे रान राखायला केव्हा सुरुवात केली, यावर कापाचे वजन अवलंबून असते.

सर्वाधिक दुर्लक्षित भाग अन्नद्रव्यांचा. चरणारी जनावरे खाल्लेल्यातील बरीच अन्नद्रव्ये शेणमूत्रातून त्याच रानात परत टाकतात. मुरघासाचे तसे नाही. संपूर्ण पीक ट्रॉलीत भरून दुसऱ्याच्या गोठ्यात जाते. आयर्लंडची शेती संशोधन व विस्तार संस्था 'टीगास्क' हिच्या हिशेबानुसार प्रत्येक टन शुष्क पदार्थामागे सुमारे ४ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि २५ किलो पालाश (पोटॅशियम) जमिनीतून उचलले जाते, म्हणजे ५ टनांच्या एका कापात हेक्टरी २० किलो स्फुरद आणि १२५ किलो पालाश. हे आकडे शुद्ध मूलद्रव्याचे आहेत. ब्रिटनमध्ये, आणि भारतातही, खतांचे प्रमाण ऑक्साइडच्या रूपात मोजतात. त्या मापात आणण्यासाठी स्फुरदाचा आकडा २.२९ ने आणि पालाशाचा १.२ ने गुणावा लागतो. युनायटेड किंगडमचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडच्या सीमेवर दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांत सौदा होत असेल, तर ही बाब क्षुल्लक राहत नाही.

या फोडीचा अर्थ कळण्यासाठी केवळ गृहीत दर धरून केलेला एक हिशेब पुरेसा आहे. हेक्टरी २२ गासड्या निघाल्या, एका गासडीला बाजारात ३५ युरो मिळाले आणि कापणे, बांधणे, गुंडाळणे यांचा खर्च गासडीमागे १९ युरो आला, तर हाती ३५२ युरो राहतात. त्यातून खत म्हणून घातलेल्या १०० किलो नत्राचे (नायट्रोजन) १३० युरो, स्फुरदाच्या भरपाईचे ५० आणि पालाशाचे १५० वजा केल्यास जमिनीच्या वाट्याला हेक्टरी अवघे २२ युरो उरतात. आता खंडकऱ्याने स्फुरद-पालाश परत घातलेच नाही असे समजा. मग तो मालकाला २२२ युरो खंड हसत देऊ शकतो, आणि दर चांगला आला म्हणून मालकही खूश होतो. प्रत्यक्षात त्या रकमेतील २०० युरो त्याच्याच मातीतून काढून त्याला परत दिलेले असतात. काही वर्षांनी माती परीक्षणात पालाशाची पातळी कोसळलेली दिसते, रायग्रास विरळ होऊन निकृष्ट गवते शिरतात आणि रानाचा दर आपोआप उतरतो. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या करारात आरंभी व अखेरीस माती परीक्षण, मातीची आम्लता कमी करणाऱ्या चुन्याचा खर्च कोणी करायचा आणि भरपाई खताने की स्लरीने (गोठ्यातील पातळ शेणमूत्राने) करायची, हे लिहिलेले असते. गोठ्यातील बऱ्यापैकी दाट स्लरी हेक्टरी सुमारे ३३ घनमीटर पसरली, तर एका कापाचे बहुतेक स्फुरद आणि पालाश भरून निघते. ज्या गोठ्यात गवत गेले, तेथूनच स्लरी परत आणण्याची अट म्हणूनच सर्वांत शहाणपणाची आहे. अंतर वाढले की ती मोडली जाते.

वरचा हिशेब पाहता एवढ्या तुटपुंज्या उरणाऱ्या रकमेवर प्रत्यक्षात चढे दर कसे मिळतात, असा प्रश्न पडतो. दुसरा काप व नंतरची चराई हे एक कारण आहे, पण ते पुरेसे नाही. युरोपीय संघाने १ एप्रिल २०१५ पासून दुधाचा कोटा, म्हणजे उत्पादनावरची मर्यादा, रद्द केल्यावर आयर्लंडमधील गाईंची संख्या वाढली, आणि पाण्याचे प्रदूषण रोखण्यासाठीच्या नायट्रेट नियमांनुसार जनावरांच्या शेणमूत्रातील नत्राची मर्यादा मात्र हेक्टरी १७० किलो आहे. विशेष सवलतीखाली ती २५० किलोपर्यंत जाते. २०२४ पासून देशाच्या काही भागांत ही सवलतही २२० वर आली. त्यामुळे दुग्धव्यावसायिकाला गवताइतकीच कागदावरच्या हेक्टरांची गरज भासू लागली. तो रान घेतो ते वैरणीसाठी आणि स्लरी टाकण्याच्या जागेसाठीही. शेजारी मांसासाठी गुरे पाळणाऱ्याला असा दर परवडत नाही आणि लिलावात तो मागे पडतो. क्षेत्रावर मिळणारे युरोपीय अनुदान कोणी उचलायचे, हाही दराचाच एक छुपा घटक आहे. दीर्घ मुदतीकडे लोकांना वळवण्यासाठी आयर्लंडने करसवलत ठेवली आहे: ५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर वर्षाला १८,००० युरोपर्यंत आणि १५ वर्षे वा अधिक मुदतीच्या पट्ट्यावर ४०,००० युरोपर्यंतचे भाडे अटींच्या अधीन राहून आयकरमुक्त असते. चुना आणि पालाश घालण्याचे फळ घालणाऱ्यालाच मिळेल, एवढी मुदत असल्याशिवाय कोणी मातीवर खर्च करत नाही, हा त्यामागचा साधा विचार आहे.

महाराष्ट्रात मुरघास प्रामुख्याने मक्याचा होतो आणि दूधउत्पादक तो बहुधा जमिनीचा खंड न ठरवता उभे पीक उक्ते घेऊन किंवा काट्यावर टनाच्या भावाने विकत घेतात. वजनावर व्यवहार झाल्याने क्षेत्राचा वाद मिटतो, पण ओलाव्याचा राहतो: दाणा चिकात असतानाच कापलेला मका काट्यावर जड भरतो आणि त्यातील बराच भाग पाणी असतो. ताटासकट मका गेल्यावर जमिनीतून किती पालाश गेला, याची आकारणी या सौद्यात सहसा होत नाही, आणि गोठा दुसऱ्या गावात असेल तर शेणखतही परत येत नाही.